भट्टी मोजणारी मुलगी

भाची अकरा वर्षांची होणार होती आणि तिला काय हवं ते तिनं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. "मावशी, चेटकिणीचं पुस्तक दे. पण लहान मुलांचं नको." ताईची अट वेगळी होती. "आधी तू वाच. रात्री घाबरून उठणार असेल तर देऊ नकोस."

म्हणून मी टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' फोनवर घेतलं आणि ऑफिसला जाता-येता बसमध्ये वाचायला लागले. हेतू एवढाच, की भाचीसाठी तपासून घ्यायचं. भीतीदायक काही असेल तर दुसरं शोधायचं. पण सुरुवातीच्याच प्रकरणांत एक जागा आली आणि मी फोन बंद करून खिडकीबाहेर बघत बसले. त्या जागेत ना भूत होतं, ना रक्त. एक नऊ वर्षांची मुलगी एका पडक्या घरातली भट्टी मोजत होती.

भट्टीत मुलगा मावतो का?

पुस्तक २००३ चं आहे. प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' नावाच्या मोठ्या मालिकेतलं, पण किशोरवयीनांसाठी लिहिलेलं. टिफनी एकिंग ही मेंढपाळांच्या घरातली मुलगी. त्यांच्या मुलखाचं नाव 'चॉक', म्हणजे खडू. खाली चुनखडीची जमीन आणि वर गवताची कुरणं. दक्षिण इंग्लंडमध्ये अशा टेकड्या आहेत आणि प्रॅचेट स्वतः त्याच भागात राहायचा. टिफनी लोणी काढते, चीज करते आणि सतत चिकट असणाऱ्या धाकट्या भावाला सांभाळते. वेंटवर्थ त्याचं नाव. परीराणी त्याला पळवून नेते आणि टिफनी हातात तवा घेऊन त्याला सोडवायला निघते. मदतीला असतात नॅक मॅक फीगल. वीतभर उंचीची, निळ्या अंगाची, लाल केसांची माणसं. चोऱ्या करणं, दारू पिणं आणि मारामारी करणं ही त्यांची कामं. पुस्तक वाचताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक म्हातारी आहे. मिसेस स्नॅपर्ली. गोष्ट सुरू होते तेव्हा ती मेलेली असते. ती एकटी राहायची, तोंडात दात नव्हते, स्वतःशीच बोलायची. एक मांजर होतं. मग तिथल्या सरदाराचा मुलगा रोलंड बेपत्ता झाला आणि लोकांना म्हातारी आठवली. तिला घराबाहेर काढलं. तिचं मांजर मारलं. तिला कुणी आसरा दिला नाही आणि हिवाळ्यात ती बर्फात मेलेली सापडली.

टिफनीनं गोष्टींच्या पुस्तकात वाचलेलं असतं, की चेटकिणी मुलांना भट्टीत भाजून खातात. तुम्हालाही ती गोष्ट माहीत असेल. मिठाईचं घर, हरवलेली बहीणभावंडं आणि भट्टी. टिफनी काय करते, तर मिसेस स्नॅपर्लीच्या घरी जाऊन भट्टीचं माप घेते. रोलंडएवढा मुलगा त्या भट्टीत मावूच शकत नसतो.

ही मुलगी सगळंच मोजते. गोष्टीत राक्षसाचे डोळे बशीएवढे म्हटलं असेल, तर ती बशी शोधून तिच्यावर पट्टी ठेवते. वाचताना गंमत वाटते. भट्टीपाशी मात्र ती गंमत राहत नाही. कारण ते माप कुणीही घेऊ शकलं असतं. अख्ख्या वस्तीत ते एकीलाच सुचलं, आणि तेही म्हातारी गेल्यानंतर.

मी फोन बंद केला तो इथे. मी नऊ वर्षांची असताना आमच्या गावातही एक भट्टी होती, असं म्हणायला हरकत नाही. आणि मी ती मोजली नव्हती. उलट मुलगा आत आहे असं सांगणारी मीच होते.

गूळ-शेंगदाणे

२००४ चा मे महिना. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, यात्रेचे दिवस. आदल्या वर्षी मला टायफॉईड झाला होता, त्यामुळे बर्फाचा गोळा खायचा नाही अशी घरातून सक्त ताकीद होती. मी आजीच्या डब्यातले पाच रुपये काढले आणि दोन गोळे खाल्ले. एक लाल, एक काळाखट्टा. तिसऱ्या दिवशी ताप आला. उलट्या सुरू झाल्या.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. आजीनं मीठ, मोहरी, मिरच्यांनी दृष्टही काढली. चुलीत मिरच्या टाकल्या आणि म्हणे ठसका लागला नाही. म्हणजे नजर जबरदस्त. मग एका संध्याकाळी देवऋषी आला. त्यानं माझा हात धरला आणि विचारलं, "बाळ, बाहेर कुणाच्या हातचं खाल्लंस?"

घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. आजीच्या मागे फळीवर तो डबा होता. गोळ्याचं नाव घेतलं की पाच रुपयांचं निघणार, हे मला तापातही कळत होतं.

मी म्हटलं, वेशीजवळच्या म्हातारीनं गूळ-शेंगदाणे दिले होते.

खोटंही नव्हतं ते. ती सगळ्याच पोरांना गूळ-शेंगदाणे द्यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एका डोळ्यात फूल पडलेलं. कोंबड्या पाळायची आणि त्यांच्याशी बोलत असायची. बाळंतिणींना चोळून द्यायला, तान्ह्या मुलांचं पोट धरलं तर तेल लावायला बायका तिला बोलवायच्या. मलाही लहानपणी तिनंच न्हाऊ घातलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी नाव घेतल्यावर खोलीत कुणी आश्चर्यानं बघितलं नाही, हे मला आजही आठवतं. "वाटलंच होतं," असं काकू म्हणाली. जणू जागा रिकामी होती, मी फक्त माणूस बसवलं.

चार दिवसांत मी बरी झाले. गोळ्यांनी झाले, श्रेय देवऋषीला गेलं.

त्या बाईला कुणी मारलं नाही. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. कुणी हात लावला नाही, कुणी घर जाळलं नाही. एवढंच झालं, की गिरणीत तिच्या दळणानंतर कुणी आपलं दळण लावेना. दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायला लागला. बारशांना तिला बोलावणं येईना. एका सकाळी तिच्या दोन कोंबड्या माना मुरगळलेल्या सापडल्या. पोरं तिच्या दारावरून पळत जायची आणि पळताना ओरडायची. त्या पोरांमध्ये मीही होते. पावसाळा संपल्यावर ती कुठल्याशा भाच्याकडे निघून गेली. दोनेक वर्षांनी ती वारल्याचं कळलं, तेव्हा आमच्या घरी त्यावर दोन वाक्यं बोलली गेली असतील.

नऊ वर्षांच्या मुली

नऊ वर्षांच्या मुलीला दोष द्यायचा का? स्वतःच्या बाबतीत मी बरीच वर्षं 'नाही' म्हणत होते. लहान होते, घाबरले होते, विचारणारा मोठा माणूस होता. सगळं खरं आहे.

पुस्तक संपल्यावर मी अमेरिकेतल्या सेलमच्या खटल्यांबद्दल पुन्हा वाचायला बसले. चेटकिणींचा विषय निघाला की हे गाव येतंच. १६९२ साली तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. काही जण तुरुंगात मेले. ही सगळी सुरुवात ज्या मुलींच्या झटक्यांपासून झाली, त्यातली एक होती बेटी पॅरिस. तिथल्या धर्मगुरूची मुलगी. वय वर्षं नऊ.

मुलींना विचित्र झटके यायला लागले, तेव्हा मोठ्यांनी ठरवलं की हे चेटूक आहे. मग मुलींना विचारलं गेलं, की तुम्हाला कोण छळतंय? प्रश्न कसा आहे बघा. 'कुणी छळतंय का' असा नाही, 'कोण' असा आहे. आमच्या घरातल्या प्रश्नासारखाच. पहिल्यांदा ज्या तिघींना पकडलं त्याही बघा. टिटुबा, धर्मगुरूच्याच घरातली गुलाम बाई. सारा गुड, दारोदार मागून खाणारी. सारा ऑस्बोर्न, बरेच दिवस आजारी आणि चर्चला न येणारी. पुढे आरोप मानाच्या घरांपर्यंतही पोचले, पण सुरुवात जिच्या बाजूनं कुणी उभं राहणार नाही अशांपासून झाली.

या मुलींमध्ये अ‍ॅन पुटनम होती, तेव्हा १२ वर्षांची. चौदा वर्षांनंतर, १७०६ मध्ये, तिनं भर चर्चमध्ये माफी मागितली. तिचं निवेदन धर्मगुरूनं वाचून दाखवलं आणि ती उभी राहिली. त्या गटातल्या मुलींपैकी जाहीर माफी मागणारी ती एकटीच. तिच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. तिच्या साक्षीमुळे फाशी गेलेल्यांचे नातेवाईक तेव्हा हयात होते. पण त्या माफीत ती सांगते, की सैतानानं मला भुलवलं. माझ्या मनात कुणाबद्दल राग किंवा आकस नव्हता.

मला ते वाचून चमकल्यासारखं झालं. म्हणजे आरोप करताना सैतान होता आणि माफी मागतानाही सैतानच आहे. आधी त्यानं सारा गुडच्या हातून काम केलं, मग अ‍ॅनच्या तोंडून. माणसानं काही केलंच नाही.

तिला हसण्याचा हक्क मला नाही. 'लहान होते', 'गावाची समजूतच तशी होती', 'तेव्हा शिक्षण नव्हतं' हे माझे सैतान आहेत. ही कारणं खोटी नाहीत. त्यांनी माझा दोष कमी होतो हेही मान्य. पण ती सांगून झाल्यावर दिसतं, की सगळं बोलणं माझ्याबद्दल झालं. मी किती दोषी, किती निर्दोष. म्हातारी त्यात कुठेच नाही.

टिफनीचं वेगळेपण मला इथे दिसलं. मिसेस स्नॅपर्लीच्या बाबतीत टिफनीनं काहीच केलेलं नाही. तिनं नाव घेतलं नाही, दगड मारला नाही. दोषाचा हिशोब मांडला तर तिच्या खात्यावर शून्य. तरी ती भट्टी मोजायला जाते. आणि चेटकीण व्हायचं ठरवते, त्यामागे एक कारण हे असतं, की असं पुन्हा कुणाबरोबर होता कामा नये. 'चूक कुणाची' हा प्रश्न ती फार वेळ धरून बसत नाही. 'पुढच्या वेळी मध्ये कोण उभं राहणार' हा प्रश्न तिला पडतो आणि त्याचं उत्तर ती स्वतः होते.

'असलं काही नसतं'

आता घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगते. माझे वडील हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. देवऋषी आला त्या संध्याकाळी ते घरात होते. तो गेल्यावर जेवताना म्हणाले, "असलं काही नसतं. गोळ्या वेळेवर घे." आणि ताटात लक्ष घातलं.

माझ्या वडिलांचा चेटुकावर कधीच विश्वास नव्हता. कोंबड्या मेल्या तेव्हाही नव्हता. गिरणीत जे चाललं होतं ते त्यांना माहीत होतं आणि ते चूक आहे हेही माहीत होतं. पण ते कुणाला काही बोलले नाहीत. आजीचा मान, भावांशी बिघडायला नको, गावात राहायचंय. मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मी कुठे मानत होतो?"

त्यांच्या मते हे उत्तर पुरेसं होतं. आपल्यातल्या बऱ्याच शिकलेल्या लोकांच्या मते असतं. आपण अंधश्रद्धा मानत नाही, म्हणजे आपला हात स्वच्छ. पण वेशीजवळच्या बाईला माझ्या वडिलांच्या न मानण्याचा काय उपयोग झाला? ते त्यांच्या डोक्यात होतं. तिच्या दारापर्यंत ते पोचलंच नाही.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर आधी त्याचा वटहुकूम निघाला, मग डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सातपुड्याच्या भागात बायकांना 'डाकीण' ठरवून छळण्याच्या घटना घडत आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे कलम मोलाचं आहे. कुणी काय मानावं यात हा कायदा पडत नाही. दुसऱ्या माणसाचं तुम्ही काय करता, तिथे तो तुम्हाला धरतो. विश्वास आणि वागणूक यांच्यातला हा फरक कायद्याला कळला, मला कळायला वेळ लागला.

कारण पुढच्या वेळी गप्प बसणारी मी होते. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी तसा एक टाकला. मी २३ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. मला तो खोटा आहे हे दिसत होतं. 'काका, हे खोटं आहे' एवढं मी टाइप केलं. मग वाटलं, मोठे आहेत, सगळ्यांसमोर कशाला. पुसून टाकलं. खाली चार जणांनी हात जोडले होते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावानं पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली माणसं होती ती. आमच्या ग्रुपवरचा मेसेज तिथे गेला होता असं मी म्हणत नाही. माझ्या एका ओळीनं कुणी वाचलं असतं असंही नाही. पण बातमी वाचली तेव्हा मला ती पुसलेली ओळ आठवली. मूल हरवल्याची हाकाटी, वाटेत दिसलेला परका माणूस आणि लोकांना आधीच ठाऊक असलेलं उत्तर. रोलंड बेपत्ता झाला तेव्हा चॉकमध्ये हेच झालं होतं. आणि मी 'न मानणाऱ्या' बाकावर बसले होते, वडिलांच्या शेजारी.

पण चेटकिणीचीच बाजू?

चळवळीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीला मी हे पुस्तक सांगितलं तर ती वैतागली. "आम्ही जन्मभर सांगतोय की चेटकीण नसतेच, आणि तू मुलीला चेटकीण होण्याची गोष्ट देणार?"

तिचा प्रश्न रास्त आहे. पुस्तकात जादू आहे, परीराणी खरी आहे, हे मान्यच करायला हवं. आपल्याकडे चेटकीण गंमतीचीही असते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, नंतर वैभव मांगलेंनी. पोरं तिला बघून खिदळतात. तरी नाकाडी, केस पिंजारलेली एकटी बाई म्हणजे वाईट, हे चित्र डोक्यात कुठेतरी राहतंच. वेशीजवळ दिसलेल्या बाईवर ते बसवायला मला एक क्षणही लागला नव्हता.

पण प्रॅचेटच्या पुस्तकात चेटकीण म्हणून जिचा जीव जातो तिच्याकडे जादू नाही. आणि रोलंडला ज्या परीराणीनं नेलेलं असतं, ती सुंदर आहे, म्हणून तिच्यावर कुणाला संशय नसतो. तिचं हत्यार स्वप्नं. माणसाला हवं ते दाखवून ती त्याला त्यात अडकवते. टिफनीचं हत्यार बरोबर उलटं. जे समोर आहे ते बघायचं, आणि मग आपण जे बघितलं त्याबद्दल स्वतःलाच पुन्हा विचारायचं. पुस्तकातल्या चेटकिणींचं खरं शिक्षण हेच आहे. माझ्या मैत्रिणीची संघटना शिबिरांमध्ये तेच शिकवते, फक्त टोपी घालत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला विचारली. 'ती चेटकीण नव्हती' हा बचाव आपण नेहमी करतो. तो खरा आहे आणि करायलाच हवा. पण समजा एखादी बाई खरंच तऱ्हेवाईक असती, शिव्याशाप देत असती, रात्री लिंबू कापत बसत असती, तर तिला बर्फात सोडणं चाललं असतं का? निर्दोष आहे म्हणून वाचवा असं म्हटलं की वाचण्यासाठी आधी निर्दोष ठरावं लागतं. एकट्या, भांडकुदळ, न आवडणाऱ्या माणसाला ते कोण ठरवून देणार?

मैत्रीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या केसमध्ये बाई भांडकुदळच असते. गोड बाईचं नाव कशाला घेतील?"

माझं आहे म्हणून

पुस्तकातली दुसरी म्हातारी टिफनीची आजी. ग्रॅनी एकिंग. तीही वारलेली आहे. उभा जन्म मेंढ्यांमागे गेला, अंगाला लोकर, टर्पेंटाईन आणि तंबाखूचा वास. तिनं स्वतःला कधी चेटकीण म्हटलं नाही. पण ओझ्यानं वाकलेल्या गाढवाला मारणाऱ्या फेरीवाल्याला ती वाटेत अडवते, सरदारालाही नमवते. तिचा हिशोब साधा. ज्याला तोंड आहे त्यानं मुक्याची बाजू सांगायची. एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि एकच मुलूख. एकीला मान मिळाला, दुसरीला मरण. फरक चेटुकाचा नव्हता. पहिलीला सगळे 'आपली' म्हणत होते, दुसरीला कुणीच नाही.

शेवटाकडे परीराणी टिफनीला टोचून बोलते. तुझं भावावर प्रेमच नाही, तुला कशाबद्दल काही वाटतच नाही. मला वाटलं, आता मुलगी रडेल, म्हणेल की आहे माझं प्रेम. ती तसं म्हणत नाही. तो चिकट आहे, रडका आहे, वैताग आणतो हे ती कबूल करते. पण तो माझा आहे, म्हणून मी त्याला न्यायला आले.

यात मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, की त्या बाईबद्दल मला पुरेसं दुःख होत नाही. रडू येत नाही, म्हणजे मी कोरडी. टिफनी सांगते की आधी प्रेम यायची वाट बघू नकोस. 'माझं' म्हण आणि काम कर. स्वार्थी शब्द आहे हा. पण भावापासून कुरणापर्यंत, कुरणापासून दात नसलेल्या म्हातारीपर्यंत तो ताणला, तर त्यातूनच जबाबदारी तयार होते. माझ्या वडिलांना ती बाई 'गावातली' होती. आम्हाला 'वेशीजवळची' होती. कुणाचीच नव्हती.

पुस्तकाच्या शेवटी सुटकेचं श्रेय टिफनीला मिळत नाही. लोक समजतात, रोलंडनंच सगळं केलं. टिफनी चिडते, पण करत राहते. मला हा शेवट फार खरा वाटला.

पुस्तक संपलं त्या रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, वेशीजवळच्या त्या म्हातारीचं नाव काय होतं? आई म्हणाली, "आता कशाला?" मग म्हणाली, "थांब, तुझ्या काकूला विचारते." दुसऱ्या दिवशी दुपारी नाव आलं. ते इथे लिहीत नाही, तिची परवानगी घेण्याची वेळ गेली. पाच रुपयांचं आणि गोळ्याचं मी आईला तेव्हाच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाळंतपणात माझी कंबर तिनं चोळून दिली होती. मलाही बोलता आलं असतं."

त्यानं काही भरून निघालं नाही. ज्या बाईकडे मागायची ती माफी आता मागता येणार नाही. फॅमिली ग्रुपवर मात्र मी आता ओळ पुसत नाही. काकांनी एकदा चिडून लिहिलं, "फार शहाणी झालीस." त्यावर कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी रात्री एका चुलतभावानं मला वेगळा मेसेज करून विचारलं, की अशा बातम्या खऱ्या का खोट्या ते कसं बघायचं.

भाचीला पुस्तक दिलं. ताईला म्हटलं, घाबरेल थोडी, घाबरू दे. आठवड्यानं तिचा फोन आला. फीगलांवर हसून झालं. मग तिनं विचारलं, "मावशी, तिनं भट्टी आधीच का नाही मोजली? म्हातारी होती तेव्हा?"

मी म्हटलं, "तिला उशिरा सुचलं."

"मग तुला कधी सुचलं?"

तिला मी गूळ-शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली. सगळी, डब्यातल्या पाच रुपयांसकट.